दप्तरे वाटण्याआधी: आठवीनंतर मुली शाळा का सोडतात आणि मदत कुठे पोहोचावी

बडोद्यातील एका मराठी मंडळाने जमवलेला निधी मुलींच्या शिक्षणासाठी वापरायचे ठरवले आहे आणि मंडळाच्या कार्यवाहांनी मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. दरवर्षी जूनमध्ये छोटा उदेपूरकडच्या शंभर मुलींना दप्तरे, वह्या आणि गणवेश वाटावेत का? सरकारच्या इतक्या योजना असूनही मुली शाळा सोडतात, याचे मूळ पालकांच्या मानसिकतेतच आहे का? आणि आफ्रिकेत, अफगाणिस्तानात, जगातल्या सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये जे प्रयोग झाले, त्यांतून आपल्याला काही घेण्यासारखे आहे का? या पट्ट्यातील शाळा, कन्या वसतिगृहे आणि महिला मंडळांबरोबर मी दीर्घकाळ काम करत आले आहे; त्या आधारावर सविस्तर लिहिते.

मानसिकतेच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर चुकले की पैसाही चुकीच्या जागी जातो. छोटा उदेपूर जिल्ह्यातील नसवाडी, कवांट, पावी जेतपूर या आदिवासी तालुक्यांत मुलीला पहिलीत घालायला नकार देणारे पालक आता क्वचितच भेटतात. २००३ पासून गुजरातमध्ये कन्या केळवणी, म्हणजे मुलींच्या शिक्षणाची मोहीम, आणि शाळा प्रवेशोत्सव सुरू झाले, २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा अमलात आला, शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले आणि प्राथमिक शाळा गावातच आली; त्यामुळे लहान मुलीला शाळेत धाडणे हा आता रिवाज झाला आहे. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाचे २०२२ चे आकडेही हेच सांगतात. ११ ते १४ वयाच्या सुमारे २ टक्के मुली शाळेबाहेर होत्या, तर १५-१६ व्या वर्षी हेच प्रमाण ७.९ टक्के होते. २०१८ मध्ये ते १३.५ टक्के होते, म्हणजे सुधारणा निश्चित झाली आहे. पण ही देशाची सरासरी आहे आणि मुख्य गावापासून दूर, टेकड्यांवर विखुरलेल्या फळियांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, परिस्थिती सरासरीपेक्षा बरीच बिकट आहे. मुलीने शिकू नये असेच पालकांचे मत असते, तर ते पहिलीतच आडवे आले असते; त्याने आठवीपर्यंत वाट पाहिली नसती.

आठवीनंतर नेमके काय बदलते ते पाहू. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण वयाच्या १४ व्या वर्षी संपते. गावातली शाळा आठवीला संपते आणि माध्यमिक शाळा चार, सहा, कधी दहा किलोमीटरवर असते. त्याच सुमारास मुलगी घरात पूर्ण कामाची होते आणि तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. या चारही गोष्टी एकाच वर्षी येऊन ठेपतात. आपल्या बडोदे संस्थानाचा इतिहास या बाबतीत लक्षात घेण्याजोगा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू केले. त्या काळी हे फार मोठे पाऊल होते आणि त्याविषयीचा आपला अभिमान रास्त आहे. तरीही त्या कायद्यात मुलांसाठी सक्तीचे वय ७ ते १२ होते आणि मुलींसाठी ७ ते १०. दहाव्या वर्षानंतर मुलीला घरातून सोडतील अशी अपेक्षा खुद्द कायद्यानेही धरली नव्हती. शंभराहून अधिक वर्षांत ती रेघ दहाव्या वर्षावरून चौदाव्या वर्षावर सरकली. पुसली मात्र गेली नाही.

घराचा हिशेब जवळून पाहायचा असेल, तर अशा एखाद्या शाळेचे सातवी-आठवीचे हजेरीपत्रक उघडावे. जूनपासून दिवाळीपर्यंत हजेरी बऱ्यापैकी भरलेली असते. देवदिवाळीनंतर काही नावांसमोर गैरहजेरीची रांग लागते आणि ती थेट होळीपर्यंत चालते. होळीला माणसे गावी परततात, कवांटचा गेरचा मेळा भरतो, तेवढे दिवस मुले पुन्हा वर्गात दिसतात आणि मग परीक्षा येते. मधल्या काळात ही कुटुंबे सौराष्ट्रात कापसाच्या आणि भुईमुगाच्या शेतांवर भागिया, म्हणजे पिकाच्या वाट्यावर राबणारे, म्हणून गेलेली असतात किंवा बडोद्यात आणि सुरतेत बांधकामावर असतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगापाशी, कडेवर वर्ष-दीड वर्षाचे भावंड घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. आईची रोजी बुडू नये म्हणून तिला तिथे आणलेले असते. पगार नसला तरी ती कामावरच असते. तिच्या धाकट्या भावंडासाठी साइटवर पाळणाघर असेल, गावातली अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालत असेल, तर तिचा दिवस मोकळा होतो. म्हणून अंगणवाडी हे मोठ्या बहिणीच्या शिक्षणाचेही साधन आहे असे मी मानते, आणि मुलींच्या शिक्षणाच्या आराखड्यांत तिचा उल्लेख सहसा नसतो याचे मला वाईट वाटते.

हे ओझे मुलीवरच का येते, हा समानतेचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घरातल्या कामाच्या वाटणीत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदल्याच्या घरकामात गुंतलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यासाठी देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. आईच्या पाच तासांतले जे तास तिला मजुरीसाठी मोकळे करावे लागतात, ते मुलीच्या खात्यावर जातात. मुलगा त्या हिशेबात धरलाच जात नाही.

लग्नाच्या बाबतीत शहरी मराठी वाचकाचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण हुंड्याच्या चष्म्यातून पाहतो. राठवा आणि भिल्ल या आदिवासी समाजांत मात्र परंपरेने वरपक्ष मुलीच्या वडिलांना दापा, म्हणजे वधूमूल्य, देतो. मुलगी ओझे आहे अशी भावना तिथे त्या प्रकारे नसते. स्त्री-पुरुष मिळून शेतात राबतात आणि मुलीच्या श्रमाला घरात उघड किंमत असते. पण तीच किंमत तिला शाळेतून बाहेरही काढते, कारण काम करणारे हात लवकर हवे असतात. यातून वाट निघू शकते याचा पुरावा इंडोनेशियात आहे. त्या देशाने १९७३ ते १९७८ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे अभ्यासकांनी जमातवार तपासले तेव्हा असे दिसले की ज्या समाजांत वधूमूल्याची प्रथा होती तिथे मुलींचे शिक्षण या शाळांमुळे वाढले, इतरत्र तसे वाढले नाही. शिकलेल्या मुलीचे वधूमूल्य अधिक ठरते हे पालकांना माहीत होते. मी वधूमूल्याचे समर्थन करत नाही, मुलीच्या आयुष्याचा भाव ठरवणारी कोणतीही प्रथा मला मान्य नाही. सांगायचे इतकेच, की गरीब पालक विचार करूनच निर्णय घेतात, आणि त्यांच्या समोरची परिस्थिती बदलली की निर्णयही बदलतो. त्यांना प्रबोधनाची व्याख्याने देण्यापेक्षा ती परिस्थिती बदलण्यावर आपण खर्च करावा.

परिस्थितीत सर्वांत आधी येते ते अंतर. अफगाणिस्तानातील घोर हा अत्यंत दुर्गम प्रांत आहे. तिथे एका प्रयोगात काही गावांत गावातच छोटी शाळा सुरू केली आणि काही गावांत ती नंतर द्यायची ठरवले. ज्या गावांत शाळा आली तिथे मुलींची नावनोंदणी ५२ टक्के-बिंदूंनी आणि मुलांची ३५ टक्के-बिंदूंनी वाढली, म्हणजे मुला-मुलींमधली तफावत जवळजवळ मिटली. ज्या प्रांताविषयी ‘तिथले लोक मुलींना शिकवतच नाहीत’ असे सर्रास बोलले जाई, तिथली ही गोष्ट आहे. आज त्याच देशात सप्टेंबर २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळेत जाता येत नाही आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठांचे दरवाजेही बंद आहेत. ही बंदी सत्तेने लादलेली आहे आणि तिचे खापर तिथल्या आईबापांवर फोडणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. त्या योजनेच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि परिणाम मुख्यत्वे त्या गावांत होता जिथून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती. मुली एकेकट्या न जाता सायकलींवरून घोळक्याने जाऊ लागल्या, याचे मोल माझ्या मते सायकलीइतकेच आहे. मात्र बिहारचे सपाट रस्ते आणि कवांटकडचे चढ-उतार यांत फरक आहे. नदीनाले ओलांडून जाणाऱ्या मुलीला पावसाळ्यात सायकल उपयोगी पडत नाही. बसचा पास असतो, पण बस शाळेच्या वेळेला येत नाही. अशा फळियांसाठी माध्यमिक शाळेजवळ राहण्याची सोय हाच उपाय आहे, आणि २००४ मध्ये सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये त्यासाठीच आहेत. तिथे जागा मर्यादित असतात आणि जिथे विद्यालय आठवीला संपते, तिथल्या मुलीचा प्रश्न नववीत पुन्हा उभा राहतो.

आता पैशाविषयी. रोख मदत उपयोगी पडते, परंतु ती केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळते यावर सारे अवलंबून आहे. बांगलादेशाने १९९४ मध्ये माध्यमिक शाळेतील ग्रामीण मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केले. ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि अठरापर्यंत अविवाहित राहणे या तीन अटी होत्या, आणि रक्कम नियमितपणे, शिकत असतानाच हातात पडत होती. हरियाणाने त्याच वर्षी दुसरी वाट धरली. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या नावाने रोखे घेतले आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत अविवाहित राहिली तर रक्कम द्यायची असे ठरवले. त्या मुली अठरा वर्षांच्या झाल्यावर झालेल्या मूल्यमापनात लग्न पुढे गेल्याचे आढळले नाही, आणि अनेक कुटुंबांनी ती रक्कम लग्नाच्या खर्चासाठी सरकारने दिलेली रक्कम असेच मानले. मलावीतील झोम्बा जिल्ह्यातला प्रयोग याहून उद्बोधक आहे. तिथे काही मुलींच्या घरी शाळेतील हजेरीच्या अटीवर आणि काहींच्या घरी कोणतीही अट न घालता पैसे दिले गेले. हजेरी आणि अभ्यास अटीच्या गटात अधिक सुधारला. पण लवकर लग्न आणि गर्भधारणा बिनअटीच्या गटात अधिक घटली, कारण शाळा सुटलेल्या मुलीचे पैसे तिथे बंद झाले नव्हते. ज्या मुलीची शाळा सुटली तिलाच मदतीची सर्वाधिक गरज असते आणि आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्या नेमक्या तिथेच थांबतात.

गुजरात सरकारची २०२४ पासूनची नमो लक्ष्मी योजना नववी ते बारावीच्या मुलींना चार वर्षांत मिळून ५०,००० रुपये देते, त्यातला एक भाग दर महिन्याला आणि उरलेला बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर. योजनेची बांधणी चांगली आहे. पण रक्कम पोहोचण्यासाठी बँक खाते, आधार, दाखला हे सारे एकमेकांशी जुळावे लागते. एका कागदावर वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर नसते, आईचे नाव कुठे माहेरचे असते, जन्मतारीख शाळेत घालताना अंदाजे लिहिलेली असते. तेवढ्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा घालायच्या म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी सोडायची. मंडळातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आणि कारकुनी कामात आयुष्य घालवलेल्यांनी दर महिन्याचा एक दिवस एखाद्या माध्यमिक शाळेत बसून हे कागद सुधारून दिले, तर सरकारी तिजोरीतून जी रक्कम मुलींपर्यंत पोहोचेल ती तुमच्या संपूर्ण निधीपेक्षा मोठी असू शकेल. हा माझा पहिला ठोस सल्ला.

सॅनिटरी पॅडविषयी थोडक्यात, कारण देणगीदार हल्ली सर्वांत आधी तेच सुचवतात. पॅड आरोग्यासाठी आणि मुलीच्या सन्मानासाठी जरूर द्यावेत. ते दिल्याने गळती थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. नेपाळमध्ये शालेय मुलींना मासिक पाळीचे कप देऊन झालेल्या अभ्यासात पाळीमुळे बुडणारी शाळा अत्यल्प निघाली आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह मात्र वयात येणाऱ्या मुलींच्या नोंदणीत फरक पाडते, हे भारतातल्याच अभ्यासातून दिसले आहे. त्याला आत कडी हवी आणि पाणी हवे.

गळतीचे आणखी एक कारण आहे ज्याच्याकडे समाजसेवी मंडळी क्वचित पाहतात, ते म्हणजे नापास होणे. घरात राठवी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा शिक्षक गुजरातीत बोलत असतात. पहिली दोन वर्षे निम्मे समजत नाही, मधली वर्षे स्थलांतरात तुटतात, आणि मुलगी नववीत पोहोचते तेव्हा तिला धडा वाचता येतो पण गणिताचे उदाहरण वाचून काय विचारले आहे ते कळत नाही. दहावीत मुलगा नापास झाला तर तो पुन्हा फॉर्म भरतो. मुलगी नापास झाली की तिचे शिक्षण संपले असे घरात गृहीत धरले जाते. लिंगभेदाचे इतके उघड रूप दुसरे नसेल. दुसऱ्या खेपेची परीक्षा फी, त्या वर्षभराची शिकवणी आणि मुक्त विद्यालयाची वाट दाखवणारे कोणी, एवढ्यावर पुष्कळ मुली दहावी पार करतात. तेजगढच्या आदिवासी अकादमीने आदिवासींच्या स्वतःच्या भाषांतून शिक्षणाचा विचार मांडला आहे. मंडळाच्या लोकांनी तिथे जाऊन यावे, बडोद्याहून ते फार लांब नाही.

समानतेचा भाग मुलींना शिकवून पुरा होत नाही. त्यात मुलगे आणि वडील यायला हवेत. हरियाणातील शाळांमध्ये सातवी-आठवीच्या मुला-मुलींबरोबर सुमारे अडीच वर्षे नियमित वर्ग घेतले गेले, ज्यांत घरकाम कोणी करावे, नोकरी कोणी करावी, यावर मोकळी चर्चा होत असे. नंतरच्या तपासणीत मुलांचे आणि मुलींचे विचार बदललेले दिसले, आणि मुलगे घरकामात अधिक हात लावत असल्याचे सांगत होते. पश्चिम बंगालमधला अनुभव तर पैशाशिवायचा आहे. ज्या ग्रामपंचायतींचे प्रमुखपद सलग दोन वेळा महिलांसाठी राखीव राहिले, त्या गावांत किशोरवयीन मुला-मुलींच्या शिक्षणातली तफावत नाहीशी झाली आणि मुलींवरचा घरकामाचा वेळही कमी झाला. तुमच्या निवडलेल्या गावांत महिला सरपंच असेल तर सत्काराच्या नारळ-शालीपेक्षा तिला कामाच्या चर्चेत बसवा, निर्णय तिच्याकडून घ्या, मुलींना ते पाहू द्या. आणि तिच्या वतीने तिचे पती बोलू लागले, तर प्रश्न पुन्हा तिलाच विचारा.

आता निधीविषयी. दप्तरे आणि गणवेश वाटू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके सरकार देते आणि गणवेशासाठीही मदत असते. जूनमधल्या वाटपाने, ज्या मुली तशाही शाळेत येणार होत्या, त्यांनाच आणखी एक दप्तर मिळते. शंभर मुलींऐवजी दोन-तीन लगतच्या गावांतल्या सातवीतल्या सर्व मुली घ्या आणि त्यांच्याबरोबर दहावीपर्यंत राहा. निवडक हुशार मुली घेऊ नका. गुणवत्ता यादीतली मुलगी कशीबशी पुढे जाते, मागे राहते ती साधारण मुलगी.

पैशाचा सर्वांत मोठा वाटा एका माणसाच्या पगारावर खर्च करा. त्याच समाजातली, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली, राठवी आणि गुजराती दोन्ही बोलणारी एक तरुण स्त्री, जी मुलगी तीन दिवस आली नाही की चौथ्या दिवशी तिच्या घरी जाईल, स्थलांतराआधी कुटुंबाशी बोलून मुलीला मोसमी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवण्याची व्यवस्था लावेल, लग्नाचे बोलणे सुरू झाल्याचे गावात सर्वांच्या आधी जिला कळेल. देणगीदारांना पगारावर पैसे द्यायला नको वाटते, कारण त्याचा फोटो निघत नाही. मी इतकेच सांगेन की १९८९ मध्ये गुजरातसह तीन राज्यांत सुरू झालेल्या महिला समाख्या कार्यक्रमाची ताकद अशा गावागावांत फिरणाऱ्या सहयोगिनींमध्येच होती, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला शिकलेली, कमावती, आपल्याच बोलीत बोलणारी स्त्री रोज समोर दिसणे याला पर्याय नाही. तिला वेळेवर आणि सन्मानाने पगार द्या. मानधन म्हणून हातावर काही टेकवू नका.

उरलेल्या रकमेतून माध्यमिक शाळेजवळ पाच-सात मुलींसाठी भाड्याची खोली आणि सोबत राहणारी एखादी वयस्क बाई, पावसाळ्यातल्या महिन्यांसाठी एकत्र जाणाऱ्या मुलींना जीप, आणि दहावीत अडखळलेल्यांसाठी दुसऱ्या वर्षाची तरतूद, या क्रमाने खर्च करावा. जी मुलगी मध्येच शाळा सोडेल तिचे नाव यादीतून काढू नका. तिच्या घरी जाणे चालू ठेवा.

वचन चार वर्षांपेक्षा कमी देऊ नका, आणि तेवढा निधी नसेल तर एकच गाव घ्या. पाहणीसाठी जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा प्रवेशोत्सवामुळे शाळा भरलेल्या असतात. देवदिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी जा, सातवी ते नवव्या इयत्तेचे हजेरीपत्रक मागा, कोरी पडत चाललेली नावे उतरवून घ्या आणि मुख्याध्यापकांकडून त्या मुली सध्या कोणत्या जिल्ह्यात आहेत ते विचारा. कामाची यादी तिथूनच तयार होईल.